मौनी बाबांचं नाव आणि यंत्राचा सूर

अहमदनगरहून (आताचं अहिल्यानगर) दौंडच्या रस्त्याला लागलं की काही किलोमीटरवर अरणगाव येतं. गावाशेजारी मेहेराबादच्या टेकडीवर मेहेरबाबांची समाधी आहे. दरवर्षी 31 जानेवारीला, ‘अमरतिथी’ला, इथे देशोदेशीचे भक्त जमतात आणि दुपारी बारा वाजता सगळा जमाव मौन धरतो. 1972 साली या समाधीच्या दर्शनाला इंग्लंडहून पीट टाउन्शेंड नावाचा एक गिटारवादक आला होता. ‘द हू’ या रॉक बँडची बहुतेक गाणी त्याच्याच लेखणीतून उतरलेली. त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट 1971 मध्ये, या बँडचा ‘हूज नेक्स्ट’ हा अल्बम बाजारात आला होता. त्यातल्या पहिल्याच गाण्याचं नाव होतं ‘बाबा ओ’रायली’. त्यातले ‘बाबा’ म्हणजे मेहेरबाबा.

हे गाणं गिटारने सुरू होत नाही, ढोलांनीही नाही. आधी ऐकू येतात एकामागोमाग एक उसळणारे, न थकता फिरणारे छोटे छोटे सूर. पियानोचे ठाशीव स्वर त्यांच्यावर येऊन आदळेपर्यंत बरेच सेकंद गेलेले असतात. रॉक संगीतात यंत्राच्या सुराने आपली जागा पक्की केली ती ज्या थोड्या रेकॉर्डिंगमधून, त्यांत हे फार वरचं. पन्नासहून अधिक वर्षांनंतरही ते सूर जुने वाटत नाहीत. ते कसे तयार झाले हे पाहायला लागलं, की लंडनचे स्टुडिओ, किराणा घराणं आणि मुंबईतली सिनेसंगीताची ध्वनिमुद्रणं अशा दूरदूरच्या गोष्टी एकमेकींना येऊन मिळतात.

मेहेरबाबांचं मूळ नाव मेरवान शेरियार इराणी. 25 फेब्रुवारी 1894 रोजी पुण्यातल्या इराणी झरतुष्टी कुटुंबात त्यांचा जन्म झाला आणि डेक्कन कॉलेजात ते शिकले. पुण्याच्या हजरत बाबाजान, शिर्डीचे साईबाबा आणि साकोरीचे उपासनी महाराज यांच्या सहवासातून त्यांची वाट ठरली. 10 जुलै 1925 रोजी त्यांनी मौन धरलं आणि 31 जानेवारी 1969 रोजी देह ठेवेपर्यंत ते मोडलं नाही. आधी अक्षरफलकावर बोट ठेवून आणि 1954 नंतर हातांच्या खुणांनी ते संवाद साधत. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात चित्रकार माइक मॅकिनर्नी याच्यामार्फत टाउन्शेंडला त्यांची ओळख झाली आणि ती श्रद्धा टिकली. ‘टॉमी’ या 1969 च्या अल्बमच्या श्रेयनामावलीत मेहेरबाबांचा उल्लेख आहे. 1972 च्या ‘हू केम फर्स्ट’ या टाउन्शेंडच्या अल्बममधलं ‘परवरदिगार’ हे गीत बाबांच्या प्रार्थनेवर आधारलेलं आहे.

‘टॉमी’नंतर टाउन्शेंडच्या डोक्यात ‘लाइफहाउस’ नावाचा एक मोठा प्रकल्प घोळत होता. माणसाची उंची, वजन, जन्माचे तपशील अशी सगळी माहिती यंत्रात भरायची आणि त्यातून त्या माणसाचं स्वतःचं संगीत निघावं, अशी कल्पना होती. मेहेरबाबांच्या तपशिलांतून कोणता सूर निघेल, हा विचार या गाण्यामागे होता. असं करू शकणारं यंत्र त्या काळी नव्हतं. प्रकल्प कोसळला आणि त्याचे उरलेले तुकडे ‘हूज नेक्स्ट’मध्ये आले.

गाण्याच्या नावातला ‘रायली’ म्हणजे अमेरिकी संगीतकार टेरी रायली. छोट्या स्वरसमूहांची सतत आवर्तनं करायची आणि ती एकमेकांवर सरकत राहू द्यायची, ही त्याची रीत. ‘इन सी’ ही 1964 ची रचना आणि 1969 चा ‘अ रेनबो इन कर्व्हड एअर’ हा अल्बम ही तिची ठळक उदाहरणं. हाच रायली 1970 पासून किराणा घराण्याचे गायक पंडित प्राणनाथ यांच्याकडे शिकू लागला आणि त्यांच्याबरोबर भारतातही आला. प्राणनाथ हे उस्ताद अब्दुल वहीद खाँचे शिष्य. महाराष्ट्राला किराणा घराणं वेगळं सांगावं लागत नाही. उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले आणि तिथेच त्यांची कबर आहे. हिराबाई बडोदेकर आणि भीमसेन जोशी यांच्या गळ्यातून ही गायकी मराठी घराघरांत पोचली. एक स्वर धरून ठेवायचा, त्याच्या आत शिरत जायचं, घाई करायची नाही, ही या घराण्याची शिस्त. रायलीला ती भावली यात नवल नाही. आधीपासून त्याचं संगीत त्याच दिशेने चाललं होतं.

आता प्रश्न असा, की ‘बाबा ओ’रायली’तला तो फिरता सूर खरोखर सिंथेसायझरचा आहे का? सर्वसाधारण समज तसा आहे, पण ते वाद्य आहे लॉरी कंपनीचा ऑर्गन, अमेरिकेत दिवाणखान्यात ठेवण्यासाठी विकला जाणारा. त्यात ‘मरिंबा रिपीट’ नावाची सोय होती. पट्टी दाबून धरली की सूर सलग न वाजता आपोआप तुटक तुटक, ठरावीक लयीत पुन्हा पुन्हा वाजायचा. टाउन्शेंडने आपल्या घरच्या स्टुडिओत या सोयीवर बोटं फिरवत लांबलचक वादन टेप केलं, ते कापून छोटं केलं आणि त्याच टेपवर पुढे बँडने आपलं वादन चढवलं. लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत ग्लिन जॉन्स या ध्वनिमुद्रकाच्या देखरेखीखाली हे काम झालं. शेवटी वेग वाढत जाणारं व्हायोलिन डेव्ह आर्बस याचं आहे. ती कल्पना ढोलवादक कीथ मूनची.

याच अल्बममधल्या शेवटच्या, साडेआठ मिनिटांच्या ‘वोंट गेट फूल्ड अगेन’मध्ये मात्र सिंथेसायझर आहे, आणि तोही वेगळ्याच तऱ्हेने वापरलेला. तिथेही वाजतो लॉरी ऑर्गनच, पण त्याचा आवाज ईएमएस कंपनीच्या ‘व्हीसीएस-3’ या यंत्रातून नेलेला आहे. ते यंत्र काय करतं हे समजण्यासाठी त्या काळच्या सिंथेसायझरच्या पोटात डोकावलं पाहिजे.

सुरुवातीच्या सिंथेसायझरमध्ये कोणत्याही वाद्याचा आवाज साठवलेला नव्हता. त्यात विजेची आंदोलनं निर्माण करणारे भाग असायचे, ऑसिलेटर. आंदोलनाची गती वाढली की सूर चढतो, कमी झाली की उतरतो. लहर टोकदार असेल तर आवाज कर्कश आणि भरलेला, गोलसर असेल तर बासरीसारखा मऊ. हा कच्चा सूर मग फिल्टरमधून जायचा. शेजारच्या खोलीत गाणं चालू असताना मधलं दार हळूहळू लोटलं तर आधी झांजा आणि शब्दांची धार नाहीशी होते आणि शेवटी ठोक्यांचा घुमारा तेवढा उरतो. फिल्टर हेच करतो, फक्त विजेच्या दाबाने. त्यानंतर येतो आवाजाला आकार देणारा भाग: सूर झटकन उमटावा की सावकाश फुलावा, दाबून ठेवेपर्यंत टिकावा की लगेच विरावा, हे तो ठरवतो.

न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रूमन्सबर्ग गावी रॉबर्ट मूग या अभियंत्याने 1964 मध्ये संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्या मदतीने जे यंत्र घडवलं, त्याचं मोठेपण हे, की यातला प्रत्येक भाग विजेच्या दाबावर चालायचा. दाब एक व्होल्टने वाढवला की सूर बरोबर एक सप्तक वर जायचा. त्यामुळे यंत्राचा एक भाग दुसऱ्याला चालवू शकत होता. एक मंद आंदोलन फिल्टरला उघडझाप करायला लावू शकत होतं. ‘वोंट गेट फूल्ड अगेन’मध्ये नेमकं हेच घडतं. टाउन्शेंड ऑर्गनवर साधे, लांब स्वरमेळ धरतो आणि व्हीसीएस-3 चा फिल्टर ठरावीक लयीत उघडमीट करून त्या सलग आवाजाचे धडधडते तुकडे पाडतो. स्वर माणसाचे आहेत आणि नाडी यंत्राची.

व्हीसीएस-3 हे 1969 चं यंत्र. लंडनच्या पटनी भागात पीटर झिनोव्हिएफ, डेव्हिड कॉकरेल आणि ट्रिस्ट्रम कॅरी या तिघांनी ते घडवलं. मुख्य यंत्राला पियानोसारख्या पट्ट्याच नव्हत्या. पुढच्या बाजूला भोकांची चौकट, 16 आडव्या आणि 16 उभ्या ओळींची. त्या भोकांत छोट्या पिना खोचून कोणता भाग कोणाला जोडायचा हे ठरवायचं. मूगच्या मोठ्या यंत्रात हेच काम तारांनी व्हायचं. एखादा आवाज जुळून आला, तर तो जतन करायला यंत्रात काहीही सोय नव्हती. प्रत्येक खुंटीची जागा कागदावर उतरवून घ्यायची. शिवाय खोली तापली की ऑसिलेटरचा सूर सरकायचा, म्हणून वाजवण्याआधी आणि मध्येमध्येही तो जुळवत राहावं लागे. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी लावणाऱ्या माणसाला जो धीर आणि कान लागतो, तोच या यंत्राला लागायचा.

या अडचणींमुळे रॉक संगीतात सिंथेसायझर हळूहळू शिरला. 1967 च्या जून महिन्यात कॅलिफोर्नियातल्या मॉंटेरे महोत्सवात पॉल बीव्हर आणि बर्नी क्रॉस यांनी मूगचं प्रात्यक्षिक मांडलं आणि त्याच वर्षी मंकीज आणि द डोअर्स यांच्या अल्बमवर तो ऐकू आला. 1968 मध्ये वेंडी कार्लोस यांचा ‘स्विच्ड-ऑन बाख’ आला. मूग एका वेळी एकच सूर काढू शकत असल्याने बाखच्या रचनेतली प्रत्येक स्वररेषा वेगवेगळी वाजवून, टेपवर एकीवर एक रचून तो अल्बम उभा केला होता. ते काम किती कष्टाचं असेल, याची कल्पना केलेली बरी.

मग बीटल्स. जॉर्ज हॅरिसनने विकत घेतलेला मूग लंडनला आला आणि ऑगस्ट 1969 मध्ये ‘ॲबी रोड’च्या ध्वनिमुद्रणात वापरला गेला. यंत्राची जोडणी समजावून द्यायला माइक व्हिकर्स या संगीतकाराची मदत घेतली होती. ‘हिअर कम्स द सन’ आणि ‘बिकॉज’मध्ये मूग इतका अलगद मिसळला आहे की सांगितल्याशिवाय ओळखू येत नाही. ‘मॅक्सवेल्स सिल्व्हर हॅमर’मध्ये पॉल मॅकार्टनीने पट्ट्या सोडून त्याच्या फितीवर बोट सरकवत धून काढली. ‘आय वाँट यू’च्या शेवटी जो वाऱ्याचा झोत वाढत वाढत सगळं गिळू पाहतो, तोही मूगचाच. पुढच्या वर्षी ‘इमर्सन, लेक अँड पामर’च्या ‘लकी मॅन’मध्ये कीथ इमर्सनने शेवटी मूगवर एक मुक्त वादन केलं. तो सराव समजत होता. तेच वादन अल्बमवर राहिलं, आणि एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी ती मोठी मींड रॉकच्या श्रोत्यांच्या कायमची लक्षात राहिली.

पिंक फ्लॉइडने 1973 च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’मध्ये पुढचं पाऊल टाकलं. ‘ऑन द रन’ या तुकड्यात ईएमएसच्या ‘सिंथी एकेएस’ या यंत्राला आठ सुरांची मालिका भरून दिली आणि ती इतक्या वेगाने फिरवली की सूर वेगळे न उरता एक धावता पट तयार झाला. फिल्टर फिरवत राहिल्याने तो पट कधी जवळ येतो, कधी लांब जातो.

या यंत्रांनी वादकांपुढे एक नवा पेच टाकला. चार जण एकत्र वाजवतात तेव्हा लय जिवंत असते, भर आला की किंचित पुढे धावते आणि शब्दांपाशी थोडी थबकते. टेपवरचा यंत्राचा सूर थबकत नाही. कीथ मून हा ओसंडून वाहणारा ढोलवादक. रंगमंचावर ही गाणी वाजवताना त्याला कानांवर हेडफोन चढवून टेपमागे चालावं लागे. टेपची शिस्त आणि मूनचा उसळता हात यांच्यातली ही ओढाताणच त्या गाण्यांना ताण देते.

मुंबईत याच काळात काय चाललं होतं? इथली कहाणी बीटल्सच्या आधी सुरू होते. 1954 च्या ‘नागिन’ चित्रपटातली पुंगी खऱ्या पुंगीवर वाजलेली नव्हती. हेमंतकुमारांच्या संगीतात कल्याणजी वीरजी शाह यांनी ती क्लॅव्हायोलिनवर वाजवली आणि साथीला रवी यांची हार्मोनियम होती. क्लॅव्हायोलिन हे फ्रान्समध्ये कॉन्स्टन्ट मार्टिन यांनी 1947 मध्ये बनवलेलं, एका वेळी एकच सूर काढणारं इलेक्ट्रॉनिक वाद्य, सिंथेसायझरचा जवळचा पूर्वज. तेच वाद्य जॉन लेननने 1967 मध्ये ‘बेबी, यू आर अ रिच मॅन’साठी हाती घेतलं, आणि ते ध्वनिमुद्रण झालं ऑलिंपिक स्टुडिओतच, जिथे पुढे ‘हूज नेक्स्ट’ घडला. गिरगावात वाढलेल्या वादकाने हे वाद्य तेरा वर्षं आधी देशभर घुमवलं होतं, हे अभिमानाने सांगायला हवं.

मूग भारतात आला तो आधी अहमदाबादला. 1969 मध्ये अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तिथल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये मूगचा स्टुडिओ उभारला. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी तिथे प्रयोग केले. त्या टेप अनेक दशकं संस्थेच्या संग्रहात पडून होत्या आणि अलीकडेच लोकांपर्यंत पोचल्या.

मुंबईच्या सिनेसंगीतात मूग आणला तो केरसी लॉर्ड यांनी, सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात. त्यांचे वडील कावस लॉर्ड हे नामांकित तालवादक. सी. रामचंद्रांच्या गाण्यांत लॅटिन अमेरिकी ठेका रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा. केरसी स्वतः अकॉर्डियन, ग्लॉकेनस्पील, व्हायब्राफोन आणि पियानो वाजवणारे, भाऊ बर्जोरही वादक. मूगचं सुटसुटीत रूप, मिनीमूग, 1970 मध्ये आलं होतं: 44 पट्ट्या, तीन ऑसिलेटर आणि डाव्या हाताशी सूर वाकवणारं चाक. भारतीय कानाला हे चाक आणि सुरावरून सुरावर घसरण्याची सोय फार मोलाची होती. पियानो आणि हार्मोनियमला मींड काढता येत नाही. या यंत्राला ती येत होती.

लंडन आणि मुंबई यांच्यात एक मोठा फरक होता. लंडनच्या स्टुडिओत तोवर आठ आणि पुढे सोळा ट्रॅकच्या टेप होत्या, म्हणजे सिंथेसायझरचा भाग वेगळा, पुन्हा पुन्हा वाजवून हवा तसा मिळेपर्यंत थांबता येई. ताडदेवचं फिल्म सेंटर, महालक्ष्मीचं फेमस, वांद्र्याचं मेहबूब इथल्या ध्वनिमुद्रणांत गायक, व्हायोलिनांचा ताफा, तबला-ढोलकवाले, गिटारवाले असे सगळे एकदमच वाजवायचे. एकाची चूक झाली की सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून. अशा मांडवात सूर सरकणारं, आठवण नसलेलं यंत्र घेऊन बसायचं, दोन कडव्यांमध्ये खुंट्या फिरवून आवाज बदलायचा आणि नेमक्या मात्रेला आत शिरायचं, हे लंडनच्या वादकांवर कधी आलं नाही असं काम मुंबईच्या वादकांनी केलं.

राहुल देव बर्मन यांच्या ताफ्यात बासगिटार आणि इलेक्ट्रॉनिक वाद्यं वाजवणारे चरणजितसिंग हे याच पिढीचे. 1982 मध्ये त्यांनी ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही एचएमव्हीची ध्वनिमुद्रिका केली. रोलंड कंपनीची तीन यंत्रं एकमेकांना जोडून: ज्युपिटर-8 वर राग, टीआर-808 वर ठेका आणि टीबी-303 वर खालचा सूर. भैरव, ललत, भूप, तोडी, यमन, मालकंस, एकेक राग यंत्राच्या न थांबणाऱ्या ठेक्यावर. त्या वेळी ती फारशी कोणी घेतली नाही. पाच वर्षांनी शिकागोत ‘अ‍ॅसिड हाउस’ नावाचं नृत्यसंगीत त्याच टीबी-303 च्या घसरत्या सुरांवर उभं राहिलं. 2010 मध्ये नेदरलँड्सच्या एका कंपनीने मुंबईची ही ध्वनिमुद्रिका पुन्हा काढली, तेव्हा जगभरच्या संगीतप्रेमींना कळलं की हा आवाज आधी कुठे घुमला होता. उतारवयात चरणजितसिंगांनी युरोपात जाऊन ती मैफलींत वाजवली. 2015 मध्ये ते गेले आणि 2016 मध्ये केरसी लॉर्ड.

1978 मध्ये ‘प्रॉफेट-5’ हा आवाज लक्षात ठेवणारा सिंथेसायझर आला आणि 1983 मध्ये यामाहाचा ‘डीएक्स-7’. बटण दाबलं की तयार आवाज. काम सोपं झालं आणि यंत्र हजारो वादकांच्या आवाक्यात आलं, ही मोठीच गोष्ट. पण एकच तयार आवाज मुंबई, टोकियो आणि लॉस एंजेलिसच्या गाण्यांत ऐकू येऊ लागला. आधीच्या यंत्रांवर प्रत्येक आवाज कोणीतरी स्वतःच्या कानाने, त्या दिवशी, त्या गाण्यासाठी घडवलेला होता. म्हणून ‘लकी मॅन’ची मींड इमर्सनची आहे आणि ‘नागिन’ची पुंगी कल्याणजींची.

इंग्लंडमध्ये त्या कामाची नोंद झाली. कोणत्या दिवशी, कोणत्या खोलीत, कोणी कोणतं यंत्र वाजवलं, हे बीटल्सच्या बाबतीत तारीखवार उपलब्ध आहे. मुंबईच्या ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवर वादकांची नावं क्वचितच छापली गेली. ग्रेगरी बूथ यांचं 2008 चं ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक आणि लॉर्ड कुटुंबावरचा ‘द ह्यूमन फॅक्टर’ हा माहितीपट यांनी त्यातलं थोडं भरून काढलं आहे, पण दोन्ही इंग्रजीत. मराठी भावगीतं, चित्रपट आणि नाटकं यांसाठी याच स्टुडिओंत वाजवलेल्या वादकांचं असं पुस्तक व्हायला हवं. त्या पिढीतले काही वादक आणि ध्वनिमुद्रक अजून आपल्यात आहेत. कोणत्या गाण्यात कोणतं यंत्र होतं, ते कुठून आणलं, त्याची तार कुठल्या खोक्यात जात होती आणि तो आवाज कोणाच्या बोटांनी जुळवला, हे सांगणारी माणसं आहेत, तोवर ते विचारून लिहून घेता येईल.